खोलीत बोललेलं सगळं

त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला, दोन पावलं मागे सरकून पाहिलं, मनासारखं झालं नाही म्हणून पडदा पुन्हा अर्धा उघडला, आणि शेवटी डॉक्टरांची खुर्चीच उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली.

"अरे, डॉक्टरांची खुर्ची आहे ती!" बायकोचे हात भराभर हलले. "कुणी आलं तर काय म्हणेल?"

"माणसाच्या पाठीमागे उजेड असला की चेहरा काळा दिसतो. हात तर दिसतच नाहीत," तोही हातांनीच म्हणाला. "आज एक शब्दसुद्धा वाया गेलेला मला चालणार नाही."

चौथ्या वर्षी आलेल्या तापाने त्याचे कान नेले, ते नेलेच. उजेडाशी मात्र त्याची पक्की दोस्ती होती. चष्म्याच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत तो भिंगं घासायचा, आणि चाक काचेला कुठे कमी-जास्त लागतंय हे त्याच्या बोटांना इतरांच्या कानांआधी कळायचं. बायको त्याच दुकानात पुढे बसून गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची. तिला ऐकू येत होतं. खुणांची भाषा ती जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडूनच शिकली आणि शिकता शिकता लग्न करून बसली. या भाषेत माणसाला हाक मारायची तर नजरेत भरणाऱ्या एखाद्या गोष्टीवरून त्याची खूण ठरवावी लागते. तिची खूण खळी. तर्जनी गालाला टेकवून किंचित फिरवली की झाली ती. त्याची खूण भिंग. अकरा वर्षं खळी त्याचे कान होऊन राहिली होती. बँकेत, बाजारात, नातेवाइकांच्या गराड्यात आणि गेली तीन वर्षं दवाखान्यांतही.

त्या तीन वर्षांत दवाखान्यात त्याचं काम एकच होतं, खळीची पर्स सांभाळणं. मूल व्हावं म्हणून तपासण्या तिच्या, सोनोग्राफी तिची, पोटात सुया तिच्या, आणि बाहेर भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या नवऱ्यांची रांग. आधीच्या डॉक्टरांनी त्याला फक्त एकदा आत बोलावलं होतं. हातात एक प्लास्टिकची डबी दिली, एक दार दाखवलं आणि अर्ध्या तासाने ती डबी परत घेतली. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर खळीशीच बोलले होते. ती बाहेर येऊन हातांनी म्हणाली होती, "तुझं ठीक आहे. माझ्यातच थोडं कमी आहे." त्याने पर्स खाली टाकून तिला सगळ्यांदेखत मिठी मारली होती.

आता हा शेवटचा दवाखाना. इथे नाही जमलं तर विषय कायमचा बंद, असं दोघांनी ठरवलं होतं. खळीला अडतिसावं लागलं होतं. सुयांनी ती पार मेटाकुटीला आली होती, आणि काही बोलून दाखवत नसली तरी सकाळी उठून पोटावर हात ठेवून कितीतरी वेळ तशीच बसून राहायची.

आणि या शेवटच्या दवाखान्याने कमालच केली. तिथून चक्क त्याच्या नावाने पत्र आलं. उपचार घेणाऱ्या जोडप्यात दोघांची फाइल वेगळी असेल, पहिल्या भेटीत दोघांशीही बोललं जाईल, खुणांच्या भाषेसाठी दवाखानाच दुभाषी देईल, आणि घरच्या माणसाने ते काम करू नये, असं त्यात लिहिलं होतं. पत्र वाचून त्याचा आनंद पोटात मावेना. त्याने ते दुकानाच्या मालकांना दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं, फ्रेमच्या पेट्या घेऊन येणाऱ्या माणसालाही दाखवलं. त्या बिचाऱ्याने सही करण्याचा कागद समजून पेन काढलं. खळीने मात्र पत्र दोनदा वाचून नीट घडी घातली आणि म्हणाली, "कशाला दुभाषी? मी आहे ना." सकाळी निघताना ती जुनी फाइल घरीच विसरून निघाली, तर हा पठ्ठ्या जिन्यावरून परत धावत जाऊन ती घेऊन आला. फाइलवर तिचं नाव होतं. दुसऱ्याच्या नावाची फाइल उघडायची त्याला सवय नव्हती, म्हणून ती त्याने न उघडता टेबलावर ठेवली.

दार उघडलं. आधी दुभाषी आली. काळा साधा शर्ट, बोटात अंगठी नाही, केस मागे घट्ट चिमट्यात धरलेले. खुर्च्यांची मांडणी पाहून ती हसली.

"वा, माझं काम तुम्हीच केलंत," तिचे हात म्हणाले, आणि ते इतके सफाईने म्हणाले की त्याने टाळीच वाजवली. जागच्या जागी त्याने तिची खूण ठरवून टाकली, चिमटा.

"एक नियम आधीच सांगते," चिमटा एकाच वेळी हातांनी आणि तोंडाने बोलू लागली, म्हणजे खळीलाही कळावं. "या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी तुम्हाला सांगणार. कुणाचा फोन वाजला तरी, कुणी माझ्याबद्दल वाईट बोललं तरी. आणि तुमचे हात जे म्हणतील ते सगळं मी मोठ्याने म्हणणार. मी काही गाळत नाही, काही घालत नाही."

"छान!" तो म्हणाला. "माझे सतरा प्रश्न आहेत."

"सतरा?" चिमट्याने मोठ्याने उच्चारलं. खळीने कपाळावर हात मारला, पण ती हसली नाही.

डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या असतील. बोलताना त्यांची डावी भुवई एकटीच वर जायची, त्यामुळे त्यांचीही खूण ठरायला वेळ लागला नाही. आपली खुर्ची भलत्याच जागी पाहून भुवई वर गेली, आणि मग त्या तिथेच निमूट बसल्या. आणि त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्याकडे. चिमट्याकडे नाही, खळीकडे नाही.

"तुमच्यापासून सुरुवात करू. काम काय करता?"

तो इतका खूश झाला की काम सांगता सांगता चाकाचा वेग, पाण्याची धार, जाड नंबरांची कटकट, सगळं सांगून बसला. चिमटा न अडखळता ते बोलत राहिली. डॉक्टर लिहीत होत्या. किती तास बसून काम? गरम जागा आहे का? लहानपणी मोठा आजार? तो ताप कसला होता? सिगारेट? झोप? पायांच्या मध्ये कधी ओढल्यासारखं, जड वाटतं का?

"संध्याकाळी वाटतं," तो म्हणाला. "बसून बसून होत असेल."

"आधी कुणी तपासलं होतं?"

"मला? मला आत्तापर्यंत कुणी बससुद्धा म्हणालं नव्हतं."

डॉक्टर हसल्या. त्याला वाटलं, आपण इतकं बोललो असं यापूर्वी कधी झालं होतं? लोक त्याच्याशी बोलायचे म्हणजे खळीकडे पाहून बोलायचे आणि शेवटी त्याच्याकडे पाहून मान हलवायचे. आज प्रश्न थेट त्याच्यापर्यंत येत होते आणि त्याचं उत्तर थेट कागदावर उतरत होतं. त्याने खिशातून सतरा प्रश्नांची यादी काढून मांडीवर पसरली.

डॉक्टरांनी खळीची फाइल ओढली आणि उघडली. पानं उलटत त्या मधल्याच एका कागदाशी थांबल्या.

"हा तुमचा रिपोर्ट यांच्या फाइलला का जोडलाय?" त्या त्याला म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वीचा आहे. आता यात, तुम्हाला ठाऊकच असेल—"

खळी पुढे झुकली. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते. ओठ मात्र हलले.

चिमट्याचे हात क्षणभर हवेत थांबले. मग तिने खळीकडे बोट दाखवलं आणि तिचे शब्द जसेच्या तसे त्याच्यासमोर ठेवले.

"डॉक्टर, थांबा जरा. त्यांना माहीत नाहीये. मी त्यांना सांगितलंय की दोष माझ्यात आहे. आयुष्यभर लोकांनी त्यांच्यात काय नाही तेच सांगितलंय हो. आणखी एक मला नव्हतं सांगायचं."

खळीने चिमट्याचे हात पाहिले. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून ती तोंडाने काहीही बोलू शकत होती. दुकानदाराला कुजबुजून भाव कमी करायला सांगायची, सासूला फोनवर काहीबाही सांगून वेळ मारून न्यायची, आणि तो शेजारी बसून शेंगा सोलत असायचा. त्याच सवयीने ती आत्ता बोलून गेली होती. तिची मान खाली गेली.

त्याला आधी काही वाटलंच नाही. मग राग आला, चांगला पायापासून डोक्यापर्यंत. दोन वर्षं. दोन वर्षं ती रोज त्याच्यासमोर बसून, त्यानेच शिकवलेल्या भाषेत खोटं बोलत होती. त्यानंतर लाज वाटली, कारण तीन वेळा सुया पोटात घेऊन घरी आलेल्या बाईला त्याने मोठ्या मनाने सांगितलं होतं की, तुझ्यात कमी असली तरी मला चालेल. आणि या सगळ्याच्या तळाशी, सांगायलाही संकोच वाटावा अशी आणखी एक गोष्ट होती. त्याला आनंद झाला होता. बिघाड आपल्यात आहे म्हणजे करायला काहीतरी आहे. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातांना काम मिळत होतं.

डॉक्टर आणि चिमटा त्याच्याकडे पाहत होत्या. खळीची खाली गेलेली मान त्याला अजिबात बघवली नाही, तीही परक्या माणसांसमोर.

"माहीत आहे मला," तो डॉक्टरांना म्हणाला. "मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं, एवढंच."

चिमट्याने ते मोठ्याने म्हटलं. तिच्या आवाजात काय होतं ते त्याला कळणं शक्य नव्हतं, पण तिने गाळलं काही नाही, घातलंही नाही.

"आता हे दुरुस्त कसं करायचं ते सांगा," तो पुढे म्हणाला. "तो माझा पहिलाच प्रश्न आहे."

डॉक्टरांची भुवई बराच वेळ वर राहिली. मग त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला, आणि एखाद्या शहाण्या माणसाला सांगावं तसं त्याला सगळं सांगितलं. शुक्राणूंची संख्या कमी होती, हालचाल त्याहून कमी. पण ते का, याचा शोध कुणी घेतलाच नव्हता. सारे उपचार खळीवर झाले आणि ज्याच्या शरीरात कारण असू शकत होतं त्याला कुणी तपासायच्या टेबलावर झोपवलंसुद्धा नव्हतं.

"संध्याकाळी जड वाटतं म्हणालात ना? आत्ताच बघून घेऊ. आमचे पुरुषांचे डॉक्टर बाहेरच आहेत."

तो तर उभाच राहिला.

खळी बाहेर जाऊन बसली, आणि तपासणीच्या कोपऱ्यात एक अडचण आली. कापडी आडोशामागे गेल्यावर त्याला चिमटा दिसेना, आणि चिमट्याने आत यावं असा तर प्रसंग नव्हता. पुरुषांचे डॉक्टर, एक गोल पोटाचे गृहस्थ, तोंड मोठं उघडून सावकाश बोलू लागले, जणू तो बहिरा नसून परदेशी आहे. शेवटी यानेच तोडगा काढला. चिमट्याला त्याने स्टुलावर उभं केलं, आडोशाकडे पाठ करून, आणि दोन्ही हात डोक्यावरून मागे, कापडाच्या वर धरायला लावले. चेहऱ्याशिवायचे ते हात त्याला अगदी अळणी वाटले, पण शब्द चोख होते.

"डॉक्टर म्हणतात, सरळ उभे राहा."

तो उभा राहिला.

"म्हणतात, श्वास रोखून पोटावर जोर द्या. अजून जोरात."

त्याने इतका जोर दिला की चेहरा लाल झाला.

"म्हणतात, अहो, एवढा नको."

तो हसला, डॉक्टर हसले, आणि हसण्यामुळे तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. चिमट्याचे हातही वर थरथरत होते. ते हसण्याने की अवघडल्याने, कोण जाणे. मग डॉक्टरांची बोटं एका जागी थांबली आणि आडोशावरचे हात गंभीर झाले.

"शिरा फुगल्या आहेत. डाव्या बाजूला चांगल्याच. तिथे उष्णता वाढते, शुक्राणूंना ती सोसत नाही. छोटं ऑपरेशन आहे. संध्याकाळी घरी जाता येतं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, निम्म्या लोकांना तरी येतो. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासून पाहायचं. तोवर बायकोला काही करायचं नाही. सुया नाहीत, गोळ्या नाहीत."

"पुन्हा सांगा," त्याने डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हात नाचवले. डॉक्टरांना काही समजलं नाही. त्याने पँट वर ओढत आडोशाबाहेर डोकं काढलं आणि चिमट्यालाच विचारलं, "शेवटचं वाक्य काय होतं?"

"तोवर बायकोला काही करायचं नाही."

ऑपरेशनची तारीख पाहून सिस्टर बाहेर येऊन सांगतील असं ठरलं. तो बाहेर निघाला तेव्हा पाय जमिनीवर टेकत नव्हते. निम्म्या लोकांना! तीन वर्षांत कुणी निम्मे म्हटलं नव्हतं. नशीब म्हणाले होते, धीर धरा म्हणाले होते. निम्मे हा केवढा तरी आकडा होता.

बाहेर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत खळी एकटीच बसली होती. चिमटा त्याच्याबरोबर बाहेर आली होती, पण ही दोघं एकमेकांकडे वळून बसलेली पाहताच ती खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. हातांचं बोलणं डोळ्यांनी ऐकू येतं, म्हणून त्या जगातली शहाणी माणसं नजर फिरवून घेतात.

त्याने सगळं सांगून टाकलं. शिरा, उष्णता, ऑपरेशन, निम्मे, सुया नाहीत. खळी पाहत होती, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"काय?"

"तुला कधीपासून माहीत होतं?"

याचा त्याने विचारच केला नव्हता. आत ते वाक्य सहज सुचलं होतं आणि तिची मान वर आणण्यापुरतं पुरलंही होतं. त्याने अंदाजानेच हात हलवले.

"झाले बरेच दिवस."

खळीचे हात थांबले. मग ते इतके सावकाश हलू लागले की एकेक खूण मोजून घ्यावी.

"म्हणजे तुला माहीत होतं. आणि तू मला सुया टोचून घेऊ दिल्यास. तीन वेळा."

तिला वाचवायला म्हणून उभी केलेली भिंत तिच्याच अंगावर पडत होती.

"नाही, नाही!" तो खुर्चीच्या कडेवर आला. "थांब. तसं नाही. मला आत्ताच कळलं. आत. तू डॉक्टरांना सांगितलंस तेव्हा."

"मग तू म्हणालास ते?"

"तुझी मान खाली गेली होती."

खळीच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"रागावलायस?"

"हो," तो म्हणाला. "खूप. अकरा वर्षांत तुझं तोंडाने बोललेलं मला पहिल्यांदा कळलं, आणि ते काय, तर तू मला खोटं सांगितलंयस, हे."

"मग भांड ना."

"भांडणार आहे. घरी गेल्यावर. चांगला दोन-तीन दिवस भांडणार आहे." त्याने तिचे दोन्ही हात धरले, आणि मग लक्षात आलं की धरल्यावर तिला बोलता येणार नाही, म्हणून सोडले. "आधी एक सांग. आता खोटं नको. त्या सुया. दुखायचं?"

तिने नेहमीसारखी मान हलवून नाही म्हणायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबली.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखायचं."

आणि मग ती सांगू लागली. पहिल्या वेळी पोट काळंनिळं झालं होतं आणि तिने दिवा न लावता कपडे बदलले होते. दुसऱ्या वेळी दुकानात एका म्हाताऱ्या बाईंचा नंबर तपासताना चक्कर आली आणि तिने चुकीचं भिंग लावलं. ती बाई दुसऱ्या दिवशी भांडायला आली होती. तिसऱ्या वेळी रक्त गेलं तेव्हा ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती, आणि मध्येच आठवलं की नळ सोडायची गरज नाही, तो बाहेर असला तरी त्याला ऐकू येणार नाही, तेव्हा तिने नळ बंद केला आणि मोठमोठ्याने रडली. तिचे हात कधी इतके भरभर चालल्याचं त्याला आठवत नव्हतं. काही खुणा तिला येतच नव्हत्या, त्याने कधी शिकवल्याच नव्हत्या, तर ती त्या जागच्या जागी तयार करत होती आणि त्याला त्या कळत होत्या.

दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. हातात त्याच्या नावाची नवी कोरी फाइल होती आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख. त्यांनी हसून ती त्याच्यासमोर धरली.

त्याने खळीवरून नजर न काढता एक हात वर केला, जरा थांबा म्हणून.